सिमेंट मिसळलेली वीट

तीर्थरूप बाबा, पाया पडतो.

मी वीट फेकली तेव्हा तो हसतच होता. ती त्याच्या उजव्या डोळ्यावर बसली आणि तो काचेच्या बशांसकट खाली कोसळला. मग मी त्याच्या छातीवर बसून मारत राहिलो. दोघांनी मला ओढून बाजूला केलं. घाबरू नका, मला लागलेलं नाही. बोटं सुजलीत, म्हणून अक्षर असं आलंय.

तो म्हणजे प्रयोगशाळेतला माझा जोडीदार, पंडित. जिवाणूंकडून माती घट्ट करून घ्यायची आणि विटा पाडायच्या, हे आमचं काम. पुढे कधीतरी त्या विटा चंद्रावर वापरतील, पण त्याआधी पूर येऊन गेलेल्या गावात त्यांची घरं उभी राहणार होती. नुसत्या जिवाणूंच्या विटा चाचणीत फुटायच्या, म्हणून पंडित फक्त चाचणीच्या विटांत गुपचूप सिमेंट मिसळतो, हे मला काल कळलं.

"अरे, चंद्रावर कोण बघायला जातंय?" तो म्हणाला.

"आणि गावात?"

"तिथे तरी कोण बघतंय, शहाण्या?"

मला दादा आठवला. पडलेल्या भिंतीखालून तुम्ही त्याला हातांनी उकरून काढलं होतं.

तुमचा खांदा कसा आहे? इतक्यात परांचीवर चढू नका. मी वेळेवर जेवतो, एवढं आईला सांगा. बाकीचं तुमच्यापाशीच ठेवा.

आज सकाळी डॉक्टरांनी पंडितचा डोळा काढला. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी घरांचं काम थांबवलं. मी पोलिसांना सगळं सांगितलं आणि त्यांनी मला इथेच ठेवून घेतलं.

तुमचा,
धाकटा