गंगूच्या नाकाखालचा कापूस

कारंजा, कार्तिक वद्य पंचमी, दिवेलागण

इंझोरीची एक बाई आज आठ वर्षांच्या गंगूला बैलांच्या दमणीत घालून माझ्या दवाखान्यात आली. तक्रार दातांची. पोरीचा चेहरा लांबट, वरचे दात पुढे, ओठ उघडे. "दात पुढं आले म्हून तोंड उघडं राह्यते," आई म्हणाली. "किती रागावलं तरी पोट्टी आयकत नाही."

सगळं उलटं आहे. नाकामागे गाठ वाढून नाक बंद झालंय, म्हणून ती तोंडाने श्वास घेते, आणि तोंड सतत उघडं म्हणून जबडा असा वाढतो. मला शंका नाही, पण आईला पटावं कसं?

पोरीच्या झग्याला चिकटलेला कापसाचा तंतू काढून मी गंगूच्या नाकाखाली धरला आणि तिला तोंड मिटायला लावलं. तंतू हललाच नाही. पोर लालबुंद झाली आणि तिने तोंड उघडलं. आईने तोच तंतू स्वतःच्या नाकाखाली धरला, तो उडून गेला.

नाकामागची ती गाठ काढायला आई तिला अकोल्याला नेणार आहे. पुढे आलेले दात मागे जातील का, असं तिने विचारलं. तसं वचन मी दिलं नाही. पुढची वाढ मात्र सुधारेल.

न हललेला तो तंतू अजून दिसतो आहे.

दमणीत बसताना आई सवयीने म्हणाली, "गंगे, तोंड मिट." मग थांबली. पोरीची हनुवटी पदराने पुसत म्हणाली, "राहू दे माय. उघडंच राहू दे."