आत जाऊन आला का

प्रिय बारके,

मावशीचा फोन आला होता. कोर्टाचं समन्स तिच्या घरी तुझ्या टेबलावर तसंच पडलंय, तू ते उघडलं नाहीस आणि जेवायलाही खोलीबाहेर येत नाहीस, असं ती म्हणाली. म्हणून लिहायला बसलोय. फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि मी हवापाण्याचं बोलतो. आपण दोघंही त्यात आता पटाईत झालोय.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण ज्याचा मुलगा गेला त्याला शहाणपण विचारतंय कोण. चष्म्यांच्या दुकानाला कुलूप लावून मी प्रत्येक तारखेला जातो. खोली लहान, खिडक्या उंच, पंख्याला वाऱ्यापेक्षा आवाज जास्त. बाहेरच्या बाकावर आता ओळखी झाल्यात. परवा एका बाईंनी विचारलं, तुमचा खून का मनुष्यवध. दवाखान्यात शेजारच्याला दुखणं विचारावं तसं. त्यांच्या नवऱ्याचं अजून ठरायचं होतं. आत गेलं की आपल्या थोरल्याला कुणी नावानेसुद्धा ओळखत नाही. तिथे तो नुसता मयत. मयताचे वडील हजर आहेत का, असं शिपायाने पहिल्यांदा पुकारलं तेव्हा दुसरं कुणीतरी उठेल म्हणून मी वाट बघत बसलो होतो.

समोरच्या टायरवाल्यानेच मारलं, यावर कुणाचं दुमत नाही. तो स्वतःही नाकारत नाही. स्कूटर त्याच्या दारात लावण्यावरून बाचाबाची झाली, डोकं फिरलं, हाताशी टॉमी होती, ती मारली, असं त्याचं म्हणणं. टॉमी म्हणजे टायर उचकटायची ती लोखंडी सळई. सरकारी वकीलबाईंनी मला समजावलं की सगळा खटला एवढ्याशा गोष्टीवर उभा आहे. टॉमी हाताशी होती, की तो दुकानात जाऊन ती घेऊन आला? हाताशी असेल तर रागाच्या भरातला मनुष्यवध. आत जाऊन आला असेल, आणि तेवढ्यात थोरला भांडण सोडून घराकडे वळला असेल, तर खून. घाव कानामागे आहे, पण तो समोरून बसला की मागून, हे डॉक्टरला नक्की सांगता येत नाही. भर दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. फक्त तू गॅलरीत होतीस. तो आत गेला, बाहेर आला आणि थोरल्याची पाठ होती, हे पाहणारी तू एकटी.

आई आता गॅलरीत जात नाही. कपडे आतल्या खोलीत वाळत घालते, त्यांना कुबट वास येतो, मी तसेच घालतो. पोलिसांनी स्कूटर परत दिली, ती जिन्याखाली उभी आहे. तू तिच्यावर शिकताना भिंतीला धडकलीस तेव्हा थोरला म्हणाला होता, बाबांच्या दुकानातली सगळ्यात जाड काच घरातच वाया गेली. त्या चष्म्यावरून त्याने जन्मभर तुझा जीव खाल्ला, आणि दुसऱ्या कुणी चिडवलं की मात्र हाच त्याच्या अंगावर धावून जायचा. त्याची फार आठवण येते. कामात असलो की जास्तच येते.

गेल्या आठवड्यात वकीलबाईंनी बोलावून घेतलं. टायरवाला मनुष्यवध कबूल करायला तयार आहे, खुनाचं कलम सोडलं तर खटला लगेच निकाली निघेल, म्हणाल्या. टेबलावर फायलींचा ढीग. आपली कुठली ते शोधताना दोनदा भलतीच हाताला लागली. बाई वाईट नाहीत. काका, पदरात पडतंय ते घ्या, दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणाल्या. ज्याचं पोरगं डोक्यात घाव बसून गेलं त्याला ही म्हण ऐकवू नये, हे बोलल्यावर त्यांच्याही लक्षात आलं आणि त्या उगाच पाणी प्यायल्या. मी ताडकन उठलो. मला फक्त न्यायाधीशांच्या तोंडून खून हा शब्द ऐकायचा होता, दुसरं काही नको होतं. त्यांनी मला परत बसवलं आणि हळूच विचारलं, त्या दुपारी तुमच्या मुलीचा चष्मा कुठे होता.

तो माझ्याच दुकानात होता, बिजागरी बदलायला आलेला. हे पोलिसांना तूच सांगितलंस, त्यांनी विचारलेलं नसताना. खोटं बोलणं तुला कधी जमलंच नाही. आता बचावाचे वकील साक्षीला मलाच बोलावणार आहेत. मुलीचा नंबर किती, चष्मा नसताना तेवढ्या लांबून माणसाची पाठ कुठली आणि छाती कुठली हे तिला कळेल का, ते शपथेवर बापानेच सांगायचं.

रविवारी आई आत पडली होती तेव्हा मी दुकानातली डोळे तपासायची फ्रेम घरी आणली. तुझ्या नंबरच्या उलट्या काचा घातल्या की माझ्या डोळ्यांनाही तुला चष्म्याशिवाय दिसतं तेवढंच दिसतं. त्या लावून मी गॅलरीत उभा राहिलो. टायरवाल्याच्या दारात त्याचा भाऊ काम करत होता. एक करडा डाग हलत होता, बारके. तो आत जातोय की बाहेर येतोय, हातात काही आहे की नाही, मला काही कळेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघितलं. तू पाहिलंस यावर माझा पूर्ण विश्वास आहे. सख्खा भाऊ पाठ फिरवून घराकडे निघालाय, हे ओळखायला काच लागत नाही. पण तिथे मला विश्वास विचारणार नाहीत, नंबर विचारतील. मी खरं तेच सांगणार, आणि माझ्या तोंडून भर कोर्टात तू खोटी ठरणार. म्हणून मी वकीलबाईंना होकार कळवला. ते समन्स उघडू नकोस, तुला यावं लागणार नाही. सोमवारी न्यायाधीश विचारतील, मयताच्या नातेवाइकांची काही हरकत आहे का, आणि मी उभा राहून नाही म्हणेन. आईला अजून सांगितलेलं नाही, कसं सांगू तेही कळत नाही. तो आत जाऊन आला होता. थोरल्याची पाठ होती. तो खून होता. हे तुला लिहून देतोय, कारण सोमवारनंतर ते दुसरीकडे कुठेही लिहिलेलं असणार नाही.

तुझाच, आणि त्याचाही,
बाबा