मुशी केवढी असते

ता. ३ मार्च

चि. भिंगरीस,
आजीचे ढीगभर आशीर्वाद. वि. वि.

सगळ्यांत आधी आली ती खालची शिंपीणबाई. जिन्यात अनोळखी पाऊल वाजलं की तिचं मशीन थांबलंच म्हणून समज. पाहुणे दुसऱ्या मजल्यावर दम खात होते, तेवढ्यात ही दोरा दातांत धरून वर हजर. एक उंच बाई येतेय, केस कापलेले, आणि मागून एक लठ्ठ गृहस्थ, त्याच्या पाटलोणीची शिवण मांडीवर उसवलीय, असा सगळा पंचनामा करून ती खुर्चीत बसलीसुद्धा. ती माणसाचं तोंड बघतच नाही, शिवण बघते.

मी चादरी पिळत होते. तशाच ओल्या हातांनी दार उघडलं. बाई म्हणाल्या की तुमची नात ज्या शिडाच्या बोटीवर काम करते तिची मी मालकीण. तेवढ्यात त्यांनीच सांगितलं की घाबरू नका, पोरगी धडधाकट आहे. तेव्हा कुठे मी त्यांना आत या म्हटलं. गृहस्थ म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, दादा म्हणतात त्यांना. बोटीची शिडं शिवतात. शिडं शिवणाऱ्याची पाटलोण उसवलेली, म्हणून शिंपीणबाई गालात हसत होती. मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण ती कुठली ऐकायला! शेवटी तिने त्यांना विचारलंच की शिडाला कोणती सुई लागते. मग त्यांचं जे गुळपीठ जमलं!

तर काय सांगत होते, मालकीणबाईंनी नवी बोट बांधून घेतलीय, दोन डोलकाठ्यांची. तिच्यावर तांडेल म्हणून तुला नेमायचं की दुसऱ्या कुणाला, ते अजून ठरत नाहीये. म्हणून मुलीचं घरदार बघायला आल्या. तांडेल! सगळ्या खलाशांच्या वर! मला ऐकू आलं होतं, तरी मी मुद्दाम दोनदा विचारलं, शिंपीणबाईच्या कानात नीट जावं म्हणून.

मग मी कशाला मागे राहते? तुला ठाऊक आहे, मी चौथीपर्यंतच शिकले, पण तुझं कौतुक करायला कुठे शाळा लागते? तू चालायच्या आधी पळायला लागलीस ते सांगितलं. गच्चीच्या कठड्यावर चढून कबुतरांशी भांडायचीस ते सांगितलं. आणि मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस ना, की बोटीवरून आम्ही पोहायला उतरतो तिथे मुशी असतात, तेही सांगितलं. म्हटलं, आमची भिंगरी त्यांना काही मोजत नाही, हाताने बाजूला सारते आणि पोहते. हाताने सारते हे मी माझ्या पदरचं घातलं. आजी आहे मी, एवढं चालतं.

दादांचा कप ओठांपाशीच थांबला. मालकीणबाईंनी पुन्हा विचारलं, मुशी? मी म्हटलं, हो तर, ढिगाने! बहीणभाऊ एकमेकांकडे बघत राहिले आणि दादा कानापर्यंत लाल झाले. मला वाटलं कौतुकाने. पण मग दोघं घाईनेच उठले, चहा अर्धा टाकून. बोटीचं काही बोलल्या नाहीत.

तुझा बाबा लिफ्टच्या कामावरून आल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला की मुशीपर्यंत ठीक आहे, पण तिथे शार्क असते तर मी तिला कान धरून घरी आणली असती. मी म्हटलं, आपली पोरगी शार्कच्या गावाला कशाला जाईल!

मालकीणबाई तुला काही बोलल्या तर लगेच कळव. माझा लोभ आहेच, तो खाऱ्या पाण्यात विरघळू देऊ नकोस.

तुझी,
आजी


ता. १२ मार्च
बोटीवरून

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

आजी, अगं काय करून बसलीस! नांगर टाकला आणि तुझं पत्र व मालकीणबाईंची चिठ्ठी दोन्ही एकदमच हातात पडली. तुझं आधी वाचलं आणि खूप हसले. मग चिठ्ठी वाचली आणि हसू पार जिरलं.

आता नीट बसून वाच. मुशी म्हणजेच शार्क. बाजारात टोपलीत दिसते ती लहान असते, आपल्या घरात तेवढीच माहीत. इथल्या मुशी तुझ्या पलंगाहून लांब असतात. शार्क लिहिलं असतं तर बाबाने दुसऱ्या दिवशी मला घरी बोलावलं असतं, म्हणून मी मुशी लिहिलं. खोटं काहीच लिहिलं नाही, फक्त धाकटा शब्द निवडला. आता तोच अंगलट आलाय.

दादा लाल का झाले तेही सांगते. मागच्या फेरीला ते हवा खायला आमच्याबरोबर होते. एका संध्याकाळी नांगरावर असताना तीन प्रवासी आणि दादा, तेही पाटलोणीसकट, पाण्यात उतरले. आमच्या बोटीवर मी नियम घातलाय, तुझाच आहे तो. तलावावर आम्ही पोरं डुंबायचो तेव्हा तू टॉवेल घेऊन पायरीवर बसायचीस, पाण्याला पाय लावायची नाहीस, आणि सारखी डोकी मोजायचीस. आम्ही तुला 'कोरडी' म्हणायचो. इथेही कोणी पाण्यात असलं की एकाने कोरडं राहायचं, शिडी सोडलेली ठेवायची आणि नजर पाण्यावर. त्या दिवशी कोरडी मी होते. तेवढ्यात स्वयंपाक्याने मासे साफ करून त्यांची घाण बादलीभर दुसऱ्या बाजूने समुद्रात ओतली. त्याच्या लक्षातच आलं नाही. मी ओरडून सगळ्यांना वर घेतलं. तिघं निमूट आले. दादा म्हणाले की मासा कुठाय तो दाखव, मग येतो. मी मोठ्याने ओरडले की आधी वर या, मग वाद घाला. आले, पण शिडीच्या खिळ्याला पाटलोण अडकली आणि टर्रकन उसवली. सगळे हसले.

आणि आजी, मासा आलाच नाही. अंधार पडेपर्यंत पाणी काचेसारखं होतं. दादांचं म्हणणं, शार्क माणसाला चावल्याचं कितीदा ऐकलंस? खरंय त्यांचं, क्वचितच होतं तसं. वाऱ्याने बोट सरकते आणि पोहणारा मागे राहतो, त्याचीच मला जास्त धास्ती असते. पण संध्याकाळचा अंधुक उजेड आणि पाण्यात माशांचं रक्त, म्हणजे आपणच आवतण दिल्यासारखं. त्यावर पैज कशी लावायची?

आता मालकीणबाई विचारतायत की माझ्या भावाला रिकाम्या पाण्यातून हाकलून वर काढलंस आणि स्वतः शार्कच्या घोळक्यात पोहतेस, यातलं खरं काय? ही पोरगी भित्री आहे, आडदांड आहे की नुसती तोऱ्याची, ते कळल्याशिवाय नवी बोट देणार नाही. पंचवीस तारखेला आम्ही बंदरात लागू. तोवर उत्तर हवंय.

मी त्यांना खरं तेच लिहितेय, घरी धाकटा शब्द वापरला हेसुद्धा. पण बाबाला ते बाहेरून कळलं तर त्याला लागेल. तू सांगशील? आणि रागवायचं असेल तर मी आल्यावर रागव, कान घेऊनच येते.

बोट मिळाली नाही तरी चालेल असं लिहिणार होते. नाही चालणार गं.

माया पातळ करू नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. २२ मार्च

चि. भिंगरीस,
पाठीत एक धपाटा, आणि त्यावरून हात फिरवून अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी आधी एकटीने वाचलं. पलंगाहून लांब, इथे आले आणि पलंगावरूनच उठले. त्या रात्री खाली सतरंजीवर झोपले, हसू नकोस.

सकाळी बाबा बूट घालत होता तेव्हा सांगून टाकलं. म्हटलं, मुशी म्हणजेच शार्क, आणि आपली पोरगी तिथेच आहे. त्याने एक बूट घातला, दुसरा हातातच राहिला. मग ओरडायला लागला की पोरीने आपल्याला बनवलं आणि तू सगळ्या जिन्याला सांगत सुटलीस. मी ऐकून घेतलं. दमला तेव्हा तुझं पत्र पुढे केलं. वाचता वाचता त्या कोरडीपाशी अडला. विचारलं, ही स्वतः पाण्यात असते तेव्हा कोरडं कोण असतं? मला काय ठाऊक! तो म्हणाला, ते विचार, मग बघू. अगं, लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना तोही खाली बटणापाशी माणूस उभा केल्याशिवाय उतरत नाही, आणि कामावर त्या माणसाला सगळे 'कोरडा' म्हणतात. कुणाला कळत नाही कोरडा का ते. पायरीवर बसून मी त्याचीही डोकी मोजलीत, म्हणजे त्याचं एकच, पण चार वेळा.

मग मी चांगलं लुगडं नेसले आणि मालकीणबाईंच्या ऑफिसात गेले. शिंपीणबाई सोबतीला, तिला कोण अडवणार! दोरखंडांच्या गोदामावर वर खोली आहे, डांबराचा वास, आणि लांबच लांब टेबल, त्यावर नकाशे, उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवलेले. तुझं पत्र त्यांना आदल्या दिवशीच पोचलं होतं. मी म्हटलं, बाई, माझ्या घरात मुशी एवढीच असते, आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. त्यांनी टेबलाकडे बोट केलं. मी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेले आणि विचारलं की इथवर? त्या म्हणाल्या, कधी कधी. मी दोराच्या वेटोळ्यावर मटकन बसले.

पाणीबिणी पिऊन झाल्यावर मी सांगितलं की हाताने सारते हे माझं, पोरीचं नाही. मी चुकीच्या गोष्टीची फुशारकी मारली, पण फुशारकी काही मागे घेत नाही. आता योग्य गोष्टीची मारते. मग बाबाचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या की ती पोहते तेव्हा स्वयंपाकी कोरडा असतो. ती उतरते ते उजाडल्यावर, स्वच्छ पाण्यात, तेही बोटीच्या बुडाला काही अडकलंय का बघायला, आणि माशांच्या घाणीची बादली आधीच झाकून ठेवलेली असते. त्यांनी चिठ्ठ्या धाडून सगळ्या खलाशांना विचारून घेतलं होतं बरं का! मी हे बाबासाठी बोटांवर घोकून आणलं.

एवढ्यात आतून दादा आले, मोठी सुई शर्टाला टोचलेली. त्यांचं तेच पालुपद, की मासा नव्हताच. मी म्हटलं, अहो, मासा दिसल्यावर काय, आमची शिंपीणबाईसुद्धा ओरडेल. शिंपीणबाई फुरंगटली. दादा पोट धरून हसायला लागले. म्हणाले की मला राग माशाचा नाही, पाटलोणीचाही नाही, मी बोटीच्या मालकिणीचा थोरला भाऊ आहे याची त्या पोरीने एवढीसुद्धा पर्वा केली नाही. बोलून गेले आणि आपणच थांबले. मालकीणबाई त्यांच्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे, आणि शिंपीणबाई पाटलोणीकडे. ती शिवण तशीच होती! मग तिने तिथेच त्यांना पडद्याआड धाडलं आणि शिवून दिली. तुला सांगते, दुहेरी टीप घातली.

रात्री बाबाला सगळं ऐकवलं. बादली झाकलेली हे त्याने दोनदा वदवून घेतलं. म्हणाला, ठीक आहे. एवढंच. पण आज सकाळी जिन्यात कुणालातरी सांगत होता की आमची मुलगी शार्कच्या पाण्यात काम करते, आणि आवाज असा लावला होता की वरच्या मजल्यालाही कळावं. धाकटा शब्द नाही वापरला.

आता मुद्दाम मागे ठेवलेलं सांगते. मालकीणबाई आम्हाला पोचवायला गोदामाच्या दारापर्यंत आल्या. बोटीबद्दल ना हो म्हणाल्या, ना नाही. मी विचारायला तोंड उघडत होते, शिंपीणबाई माझा पदर ओढत होती. तेव्हा त्याच म्हणाल्या की मागच्या खेपेला चहा अर्धा राहिला, तर आम्ही दोघं पुन्हा येऊ, आणि तसा निरोप तुमच्या तांडेलबाईंना द्या.

मी दोनदा विचारलं नाही. शिंपीणबाईला पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं.

बाकी भेटीत. जीव आहे तसाच लावून ठेव.

तुझी,
आजी

ता. क. येणार आहेत शनिवारी, दुपारचं ऊन उतरल्यावर.