लोणच्याला मिळालेली खुर्ची

डेट्रॉईट, १२ जून २००३

तीर्थरूप आईला दुरूनच दंडवत.

निघताना तू बजावलं होतंस, "भगवंता, लोणच्याची बरणी हिंदकळू देऊ नगं." नाही हिंदकळली. तेलाचा थेंबही सांडला नाही.

वृषालीनं वर्षभराच्या शौर्यसाठी विमानात वेगळं तिकीट काढून पट्ट्यांची छोटी खुर्ची आणली होती. मी हसलो. "ओतूरच्या एस.टी.त तान्ह्या लेकराचं तिकीट कुणी काढतं का? आजोबाची मांडी कशाला आहे?" नातू मांडीवर घेतला आणि त्याच्या खुर्चीत बरणी आवळून बसवली. पोरीनं बापाचं ऐकलं.

मग हवेच्या खळग्यात विमान एकाएकी खाली आलं. शौर्य हातातून निसटून पुढच्या खुर्चीच्या पाठीवर आपटला. बरणी जागची हलली नाही.

घाबरू नकोस. कपाळाला दोन टाके पडले, पण तो खेळतोय. पंचवीस वर्षं पोरांना सारासार विवेक शिकवणाऱ्या माझ्यातल्या पंडिताची मात्र मला शिसारी आली आहे. जावई जेवताना लोणचं वाढतात, तेव्हा मी ताटावर हात आडवा धरतो. छान मुरलंय, असं सगळे म्हणतात.

तुझे गुडघे कसे आहेत?

दिवाळीला सगळे येऊ. शौर्य आपल्या खुर्चीत बसेल. रिकामी बरणी मी मांडीवर घेईन.

तुझा विद्वान मुलगा,
भगवंत