गुढीची काठी लुसियाच्या दिवसापर्यंत ठेवू देण्याबाबत

दि. ११ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. भांडारप्रमुख, श्रीमती वासंती दाभोळकर
ऱ्हाईनतीर मराठी मंडळ, वाखनिंगन (नेदरलँड्स)

विषय : मंडळाची गुढीची काठी १३ डिसेंबरपर्यंत माझ्याकडे राहू देण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ४ ऑगस्टचे स्मरणपत्र (तिसरे).

महोदया,

सकाळी साडेसहाच्या सुमारास स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन आत येते. आधी ते ओट्यावरच्या चहाच्या भांड्याला टेकते, मग धुतलेल्या पण न पुसलेल्या कपाकडे सरकते, जमिनीवर उतरताना मध्येच रेंगाळते आणि अखेरीस कोपऱ्यात तिरप्या उभ्या काठीवर एकेक पेर चढत जाते. या उजेडात विशेष असे काही नाही. मात्र त्यात काठीला चिकटलेली बर्चची वाळकी पाने स्वच्छ दिसतात. सबब काठी माझ्याकडेच आहे, हे मी नाकारत नाही.

१. पाडव्यानंतर ती धुऊन परत करण्याचा माझा इरादा होता. परंतु माझी पत्नी चैत्राली गेल्या वर्षापासून स्वीडनमध्ये उप्साला येथे संशोधनासाठी राहते आणि तिथल्या प्रत्येक सुट्टीला तिने इथे यावे असे आमचे ठरले होते. सहा जानेवारीला बर्फामुळे विमान रद्द झाले. ईस्टरला प्रयोगशाळेत काम निघाले. एप्रिलअखेरीस तिकडे वसंताच्या होळ्या पेटतात; ती सुट्टी समजून मी इथे रजा टाकली, पण ती सुट्टी नसते. सहा जूनला, त्यांच्या राष्ट्रीय दिनी, मी इथल्या एडे रेल्वे स्थानकावर सात गाड्या पाहिल्या.

२. वीस जूनला मिडसमर, म्हणजे तिकडचा भर उन्हाळ्याचा सण होता. फुलापानांनी मढवलेला खांब उभारून भोवती फेर धरण्याची तिकडची रीत आहे. आडवी पट्टी बसवण्यासाठी मी मंडळाच्या काठीला दोन भोके पाडली, हा अपराध मान्य आहे. बर्चच्या डहाळ्या बांधल्या, फुलांची कडी टांगली आणि टोकाला सवयीने तांब्या पालथा घातला. शेजारच्या वसुधाताई गॅलरीतून म्हणाल्या, "काय हो सुश्रुत, तुमचा पाडवा अजून उतरला नाही का?" फेर धरायला किमान दोघे लागतात. त्यामुळे मी नुसताच काठीपाशी उभा राहिलो.

३. गणपतीच्या मिरवणुकीत ध्वजाला हीच काठी लागते, याची मला जाणीव आहे. बदली काठी मी आणून देतो. अजून ऑगस्टमधली गोड्या पाण्यातल्या शेवंडांची जेवणे व्हायची आहेत, नोव्हेंबरात थडग्यांवर दिवे लावण्याचा शनिवार आहे आणि तेरा डिसेंबरला डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालणाऱ्या मुलींची लुसिया. यांपैकी एकाही सणाला काठी लागत नाही, हे मी जाणतो. तरीही ती अंगणात उभी असावी. येणाऱ्याला घर दुरून ओळखू यावे, एवढाच हेतू.

४. मुदतवाढीसाठी पाहुण्यांच्या येण्याची तारीख लेखी हवी, अशी आपली अट आहे. तसा कागद मी दोन दिवस शोधला. माझ्यापाशी चैत्रालीचे एकच पत्र आहे. ते एक मे रोजी आले आणि मी त्याच दिवशी वाचले. ती परत येणार नाही, असे त्यात लिहिले आहे.

आपला विनीत,
सुश्रुत केळुसकर