सुबोधच्या घरातला स्टोव्ह

असाहिकावा, होक्काइदो
१२ जानेवारी २०२५

ती. दादास,
सप्रेम जयभीम. फोनवर मी सांगते एक आणि तू ऐकतोस दुसरंच, म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे सविस्तर मेल लिहिते आहे.

तुझ्या मित्राच्या, सुबोधच्या, या भाड्याच्या घरातला पेलेट स्टोव्ह काही केल्या पेटत नाही. भुशाच्या गोळ्या भरून बटण दाबलं की पंखा घुरघुरतो, मग बंद पडतो आणि लाल दिवा लागतो. गोळ्या खाली पडतच नाहीत. आतली राख काढायला गेले तर राख कसली, काळा, चिकट, आंबूस वासाचा लगदा! ब्रश फेकून दिला, हात मात्र अजून वास मारतायत. आई स्वेटरवर स्वेटर चढवून विजेच्या हीटरसमोर बसते आणि इथे यायची हौस कुणाला होती, असं मलाच विचारते. तिचा दमा वाढलाय.

सुबोधला सिंगापूरला फोन करून विचारलं. तो म्हणाला, स्टोव्हच्या मागे एका छोट्या स्विचला दोन वायरी आहेत, त्या काढून एकमेकींना जोड, लगेच पेटेल. उद्या सकाळी जोडते. आईचे तुला आशीर्वाद आणि थोडी बोलणीही.
तुझी थंडीने काकडलेली,
एकता

सेंगकांग, सिंगापूर
१२ जानेवारी

चि. एकतास,
अनेक आशीर्वाद. वायरी जोडू नकोस. बाकीचं नंतर वाच.

धूर नीट बाहेर जातोय की नाही, हे तो स्विच बघतो. वाट तुंबली असेल तर तो स्टोव्ह पेटूच देत नाही. वायरी जोडल्यास तर स्टोव्ह पेटेल, पण धूर घरात येईल, आणि त्यातल्या ज्या वायूने माणूस मरतो त्याला वासही नसतो. जहाजावरच्या बॉयलरपाशी माझी उमेदीची वर्षं गेली, हे मला कुणी शिकवायला नको.

एक गोळी मोडून बघ. कट्कन तुटली तर कोरडी आहे, भुगा झाला तर ओल धरलीय. स्टोव्हच्या दाराभोवतीची, धूर अडवणारी दोरी फाटली नाही ना, तेही बघ. धुराड्याला मात्र हात लावू नकोस, माणूस बोलाव. तोवर आईला घेऊन तुझ्या मैत्रिणीकडे जा. सुबोधला मी गाठतो.
तुमच्या काळजीत,
दादा

असाहिकावा
१५ जानेवारी

ती. दादास,
सप्रेम जयभीम. गोळ्या कोरड्या होत्या, दोरीही धड होती. आज माणूस आला. त्याने धुराड्याचा पाइप सोडवला आणि बादलीत घरटं पडलं. त्यात मेलेली पाखरं, पिसं, काजळी, सगळं एकमेकांत कुजून लिबलिबीत झालेलं. मला अंगणातल्या बर्फातच उलटी झाली. आई नाकाला पदर लावून म्हणाली, याच घराचे फोटो तो सुबोध कौतुकाने दाखवत होता ना?

स्टोव्ह आता पेटतो. पण त्या माणसाने मला एक गोष्ट दाखवली. वायरींची टोकं पूर्वी कधीतरी सोलून पिळलेली आहेत आणि मागच्या भिंतीवर धुराचा डाग आहे. म्हणजे आमच्याआधी कुणीतरी त्या जोडल्या होत्या. कुणी, ते सुबोधला विचार.
तुझी,
एकता

सेंगकांग
१८ जानेवारी

चि. एकतास,
अनेक आशीर्वाद. सुबोधला मरीन परेडच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, भेटलो. तो खेकडा फोडत होता. मी पाखरांचं सांगितलं तर हसला. ही जपानी यंत्रं फार नाजूक, म्हणाला, आणि बोटांवरचा रस्सा चाटत राहिला. वायरी पूर्वी कुणीच जोडल्या नव्हत्या, असंही म्हणाला. मला त्या टेबलाशी बसवेना.

गेल्या हिवाळ्यात चांगी बिझनेस पार्कमध्ये नोकरी करणारी, आमच्या दोघांच्या ओळखीची क्षिप्रा मुलांना घेऊन त्या घरात राहिली होती, हे मला आठवलं. तिला जाऊन विचारलं. वायरी तिनेच जोडल्या होत्या, सुबोधने फोनवर सांगितलं तशा. पहाटे दोन्ही मुलं ओकत होती, धाकटा तर उठवून उठत नव्हता. तिने त्यांना ओढत बाहेर बर्फात आणलं तेव्हा कुठे मुलं सावरली. स्टोव्हमुळे तर नाही ना, असं तिने सुबोधला तेव्हाच विचारलं होतं. तो म्हणाला, छे, मासे बाधले असतील. निघताना तिने वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात तशा वायरी पुन्हा स्विचला लावल्या. म्हणून तुझा स्टोव्ह पेटला नाही आणि तुम्ही दोघी वाचलात.

तर एकता, त्याला सगळं माहीत होतं. तरीही त्याने तुला तेच करायला सांगितलं. इतक्या वर्षांची मैत्री, पण आता त्याचं नाव घेतलं तरी तोंड विटतं. घरमालक संघटनेकडे तक्रार कर, मी आणि क्षिप्रा दोघंही लिहून देतो. आणि ते घर सोड.

त्याने तुलाही तेच करायला सांगितलं, हे मी क्षिप्राला सांगितलं. ती म्हणाली, "त्या पहाटेनंतर तो महिनाभर रोज फोन करायचा, मुलांना बरं आहे ना विचारायला. मला वाटायचं, किती जीव लावतो."

आईला जप. तुम्ही दोघी नव्या घरात उबेत पोचलात की कळव.
तुझा,
दादा