राखेतल्या सोन्याचे झुमके

४ जानेवारी
आजही रवे निखळले! अडीच हजार वर्षांपूर्वी इटलीतल्या एट्रस्कन सोनारांनी मोहरीहून बारीक सोन्याचे रवे जोडाची झाळ (डाख) न लावता दागिन्यांवर बसवले, आणि मला साधी एक ओळ बसवता येत नाही. डिंक, तांब्याचा क्षार, कोळशाची आच — सगळं केलं. ज्योत जरा रेंगाळली की सगळे वितळून सपाट. शीलाच्या लग्नाचे झुमके कसे व्हायचे? तिच्या आईला, पुष्पाबाईंना, फोटो दाखवून फुशारकी मीच मारली होती. भोगा आता.

९ जानेवारी
बसले!! एकूण एक. सोनं फकिरानं आणलेलं. सोनारांच्या दुकानांतला केर धुऊन तो सोनं काढतो. सहज विचारलं, कुठल्या दुकानातलं?
"दुकानातलं नाही ताई. नदीवरच्या राखेतलं हाय."
म्हणजे मेलेल्याच्या तोंडात ठेवतात तो कण! शिसारी आली. तरी झुमके मोडवेनात — इतके देखणे झालेत.

१० जानेवारी
पुष्पाबाईंना सांगितलं नाही.

११ जानेवारी
शीला आईबरोबर झुमके घालून बघायला आली. घातले, आरशात पाहिलं. मग म्हणाली, "ताई, आजी पाणी मागून राह्यली."
तिची आजी सुखीबाई जाऊन वर्ष झालं! पुष्पाबाई हसल्या, "काहून घाबरवतं वं आमाले?" शीला हसली नाही. "नाही पायजे मले हे," म्हणत झुमके टेबलावर टाकून पळाली. कानांच्या पाळ्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या तिच्या.

१२ जानेवारी, सकाळ
स्वानंदला सगळं सांगितलं. एरवी नवरोबा अशा गोष्टींची टर उडवतात. आज नाही. "मी फुलसावंगीहून येईपर्यंत वितळवून टाक ते, गुंजन. घरात नको." आणि गाडीला किक मारून गेला.
याचं काय जातं बोलायला! माझ्या आईलाही याच नदीवर नेलं होतं. मी पुण्यात होते, शेवटचं बोलणंसुद्धा झालं नाही. फार आठवण येते तिची. एकदाच घालून बघते. मग वितळवते — शपथ!

१२ जानेवारी, दुपार
घातले. आईचा आवाज नाही. स्वानंदचा आहे.
फोन लावतेय, लावतेय, तो उचलत नाही. कानाशी मात्र सारखा बोलतोय — "वितळवू नको, गुंजन."